मदत हवी आहे : सक्शन मोटर सुरू होताच ईएसपी३२ रीसेट होतो

नमस्कार. आमच्या दादरच्या घरातील जुन्या रोबो व्हॅक्यूमचा मूळ बोर्ड निकामी झाल्यामुळे, चाके, ब्रश आणि सेन्सर शाबूत ठेवून त्यात ईएसपी३२ हा छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड बसवण्याचा उद्योग मी आरंभला आहे. (ब्रशभोवती गुंडाळलेले केस कात्रीने काढण्यातच पहिला रविवार गेला.)

चाकांच्या मोटरींसाठी टीबी६६१२ ड्रायव्हर (मोटर चालवणारी चिप) असून त्या नीट चालतात. सक्शन मोटर मॉस्फेटमार्फत (इलेक्ट्रॉनिक स्विच) जोडली आहे. चार लिथियम-आयन सेलचा नवा पॅक पूर्ण भरल्यावर १६.८ व्होल्ट दाखवतो आणि लॅमिंग्टन रोडवरून आणलेला बक कन्व्हर्टर (व्होल्टेज कमी करणारे सर्किट) त्यातून ५ व्होल्ट देतो. अडचण अशी, की सक्शन मोटर सुरू होताच ईएसपी३२ रीसेट होतो आणि सीरियल मॉनिटरवर (बोर्डाचे संदेश दाखवणारी संगणकावरील खिडकी) ‘ब्राउनआउट डिटेक्टर वॉज ट्रिगर्ड’ ही ओळ, म्हणजे व्होल्टेज फार खाली गेल्याची सूचना, उमटते. मल्टिमीटरवर ५ व्होल्ट स्थिर दिसतात, परंतु काही मिलिसेकंदांची घसरण त्याला टिपता येत नसावी, आणि ऑसिलोस्कोप माझ्याकडे नाही. बकच्या आउटपुटला १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावूनही फरक पडला नाही. मोटरला फ्लायबॅक डायोड (मोटर बंद होताना उठणाऱ्या उलट व्होल्टेजपासून बचाव करणारा) आहे, मात्र तिची आणि बोर्डाची ग्राउंडची (परतीच्या प्रवाहाची) तार एकच असून तीही बारीक आहे. मला खरा संशय तिचाच येतो.

ग्राउंडच्या तारा थेट बॅटरीपासून वेगळ्या न्याव्यात, की आधी पीडब्ल्यूएमने (वीज झपाट्याने चालू-बंद करून) मोटरचा वेग हळूहळू वाढवून पाहावा? असे काम केलेल्यांनी तारेच्या जाडीसह सांगितल्यास आभारी राहीन.