मदत हवी आहे: रेंडर लावला की डेस्कटॉप आपोआप रीस्टार्ट होतो, निळी स्क्रीन नाही, एररही नाही

नमस्कार मंडळी. विट्यात माझा फोटो-व्हिडिओचा स्टुडिओ आहे. लग्नसराई तोंडावर आली आणि एडिटिंगचा कॉम्प्युटर ऐन कामात दगा देतोय. टायपिंग, हिशेब, यूट्यूब, अल्बमची फोटोशॉपमधली कामं असं दिवसभर काहीही करा, बिनतक्रार चालतो. डाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये रेंडर (म्हणजे तयार व्हिडिओची फाइल काढणं) लावला की मात्र कधी दोन मिनिटांत, कधी अर्ध्या तासाने स्क्रीन काळी होते आणि थेट कंपनीचा लोगो येतो. म्हणजे बंद पडून राहत नाही, स्वतःच परत चालू होतो.

सेटअप: आय५-१०४००एफ प्रोसेसर, १६ जीबी रॅम, एक एसएसडी, दोन हार्डडिस्क, कॅबिनेटबरोबर आलेला ४५० वॅटचा एसएमपीएस (आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा), ६०० व्हीएचा यूपीएस. आधी जीटी ७१० ग्राफिक्स कार्ड होतं. दिवाळीनंतर ते काढून सेकंडहँड जीटीएक्स १६६० सुपर टाकलं.

गावातल्या दुरुस्तीवाल्याने आधी विंडोज फॉरमॅट मारून दिली. फरक नाही. मग रॅम बदलून बघितली, तरी तेच. आता तो म्हणतो मदरबोर्ड गेलाय, नवा टाका. टेंपरेचर मी स्वतः बघितलं: रेंडर चालू असताना प्रोसेसर ७२ आणि कार्ड ७४ अंशांच्या आसपास असतं. शेजारी पिठाची गिरणी आहे, तिची मोटर चालू झाली की आमची ट्यूब मिचकते. मला आपला संशय तिच्यावरच आहे. बोर्डाला पैसे घालण्याआधी कुणी नीट दिशा दाखवेल का?

—

प्रतिसाद:
दादा, बोर्डाचं नाव इतक्यात घेऊ नका. आधी विंडोज रीस्टार्ट करतेय की वीज तुटतेय, एवढं वेगळं करा. रन बॉक्समध्ये sysdm.cpl टाकून 'सिस्टीम प्रॉपर्टीज' उघडा, अॅडव्हान्स्ड, खाली 'स्टार्टअप अँड रिकव्हरी'. तिथे 'ऑटोमॅटिकली रीस्टार्ट'ची खूण काढा. ड्रायव्हरची किंवा रॅमची भानगड असेल तर आता निळी स्क्रीन थांबून राहील आणि कोड वाचता येईल. शिवाय इव्हेंट व्ह्यूअर उघडून विंडोज लॉग्ज, सिस्टीममध्ये त्या वेळेच्या नोंदी बघा. १०७४ नंबरची नोंद दिसली तर एखाद्या अपडेटने किंवा प्रोग्रॅमने रीतसर रीस्टार्ट केलाय. कर्नल-पॉवर ४१ (नीट शटडाउन न होता मशीन बंद पडल्याची नोंद) दिसला तर त्याच्या डिटेल्समध्ये 'बगचेक कोड', म्हणजे निळ्या स्क्रीनचा एरर नंबर, किती आहे ते सांगा.

—

धागाकर्ता:
खूण काढली. तरी निळी स्क्रीन न येता सरळ रीस्टार्ट. लॉगमध्ये प्रत्येक वेळी कर्नल-पॉवर ४१ आहे आणि बगचेक कोड ०. विंडोज क्रॅशच्या फाइली ठेवते ते मिनीडंपचं फोल्डरही रिकामं. यूपीएस बाजूला ठेवून थेट भिंतीच्या सॉकेटवर लावून बघितलं, आणि रविवारी गिरणी बंद असतानाही रेंडर लावला. दोन्ही वेळा झालंच.

—

प्रतिसाद:
मग गिरणी सुटली निर्दोष. ४१ आणि कोड ० म्हणजे विंडोजला मरताना काही लिहायलाही सवड मिळाली नाही, पायाखालची वीजच गेली. गरम होण्याचा प्रश्नही दिसत नाही. तुमच्या प्रोसेसरची मर्यादा १०० अंश आहे आणि तापून बंद पडणारा कॉम्प्युटर बहुतेक वेळा बंदच राहतो, लगेच उठत नाही.

आता दोन गोष्टी बघून सांगा. एसएमपीएसच्या लेबलवर +१२ व्होल्टच्या खाली किती अँपिअर लिहिलेत? मोठ्या अक्षरातले ४५० वॅट सोडून द्या, तो आकडा गिऱ्हाइकासाठी असतो. दुसरं, १६६० सुपरला ८ पिनची वेगळी पॉवर लागते. ती कुठून दिलीय?

—

धागाकर्ता:
लेबलवर +१२ व्होल्ट, १६ अँपिअर आहे. एसएमपीएसला ८ पिनची वायर नव्हतीच, म्हणून दुकानदाराने हार्डडिस्कच्या जुन्या चार पिनच्या दोन वायरी जोडणारा कन्व्हर्टर लावून दिला. आत्ता हात लावून बघितलं, रेंडरनंतर वायर चांगलीच कोमट लागते आणि पांढरा कनेक्टर एका बाजूने पिवळट झालाय.

—

प्रतिसाद:
इथेच उत्तर आहे. १६ गुणिले १२ म्हणजे १९२ वॅट. प्रोसेसर आणि कार्ड दोघंही १२ व्होल्टवरच जगतात. कार्डाची गरज १२५ वॅट. प्रोसेसरवर ६५ लिहिलंय खरं, पण जोर लागला की इंटेलच्या हिशेबाने तो थोडा वेळ १३४ वॅटपर्यंत जातो. दोघांचे झाले २५९, त्यात हार्डडिस्क आणि पंखे धरलेलेच नाहीत. आधीचं जीटी ७१० फक्त १९ वॅटचं होतं, म्हणून तेव्हा काही कळलं नाही. फोटोशॉपमध्ये कार्डावर एवढा भार येत नाही. रिझॉल्व्ह मात्र कार्डाला पिळून काढतं.

खर्च करण्याआधी फुकटात खात्री करा. एमएसआय आफ्टरबर्नर हे सॉफ्टवेअर टाका आणि त्यात कार्डाचं 'पॉवर लिमिट' ७० टक्क्यांवर आणा. रेंडर थोडा रेंगाळेल, पण रीस्टार्ट थांबले तर बोर्ड निर्दोष आहे असं समजायला हरकत नाही. पिवळा पडलेला कनेक्टर मात्र फार दिवस वापरू नका. रात्री रेंडर लावून घरी जायची सवय असेल तर ती तूर्त बंद.

—

प्रतिसाद:
वरच्यांशी सहमत. ओळखीचा वायरमन असेल तर मल्टिमीटरने मोकळ्या चार पिनच्या कनेक्टरवर पिवळी आणि काळी वायर मोजून घ्या, रेंडर चालू असताना. १२ व्होल्टला पाच टक्के सूट असते, म्हणजे ११.४ च्या खाली जाता कामा नये. सॉफ्टवेअरमध्ये दिसणाऱ्या १२ व्होल्टच्या आकड्यावर विसंबू नका, तो पुष्कळदा भलतंच दाखवतो. आणि एसएमपीएसचा डबा कुणालाही उघडू देऊ नका. प्लग काढल्यावरही आतल्या कॅपॅसिटरमध्ये झटका देण्याइतका चार्ज राहतो.

जाता जाता एक: कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येतात का?

—

धागाकर्ता:
झिणझिण्या येतात! मला वाटायचं सगळ्यांच्याच कॉम्प्युटरला येतात.

पॉवर लिमिट ७० वर ठेवून मेहंदी-हळदीचा अख्खा व्हिडिओ रेंडर केला, एकदाही रीस्टार्ट नाही. लिमिट परत १०० केलं आणि मीटर लावला. नुसता चालू असताना ११.९, रेंडर सुरू झाल्यावर ११.२ आणि मग नेहमीप्रमाणे गुडूप. बोर्डाचा विचार रद्द. एसएमपीएस किती वॅटचा घेऊ? आणि हाच यूपीएस चालेल का?

—

प्रतिसाद:
चांगल्या कंपनीचा ५५० वॅटचा, ८० प्लस ब्राँझ (वीज कमी वाया घालवण्याचं प्रमाणपत्र) असलेला, पुरेसा आहे. दुकानात लेबल वाचूनच घ्या: १२ व्होल्टला ४० अँपिअरच्या वर हवेत आणि कार्डासाठी ८ पिनची वायर एसएमपीएसमधूनच आलेली हवी, कन्व्हर्टर नको. जुना ठेवून दुसऱ्या मशीनला लावायचा मोह होईल, तोही टाळा.

यूपीएस बदलावा लागेल. ६०० व्हीएचे यूपीएस साधारण ३६० वॅटपर्यंतच ओढतात. तुमचं मशीन मॉनिटर धरून पूर्ण भाराला त्याच्या पुढे जाईल, आणि लाइट गेल्याक्षणी यूपीएसच मान टाकेल. १००० ते ११०० व्हीएचा बघा. तोवर चालवायचं असेल तर लिमिट ७० वर ठेवून चालवा.

झिणझिण्यांचं वेगळं. सॉकेटला अर्थिंग नाही किंवा तुटलंय. एसएमपीएसच्या फिल्टरमधून पत्र्यावर थोडी वीज उतरतेच, अर्थिंग असेल तर ती जमिनीत जाते, नसेल तर तुमच्या हातात. नवा एसएमपीएस लावला तरी हे जाणार नाही. वायरमन येणारच आहे तर स्टुडिओच्या सॉकेटमागे हिरवी वायर नुसती लोंबतेय की खरंच अर्थिंगच्या खड्ड्यापर्यंत पोचलीय, ते त्याच्याकडून बघून घ्या.

—

धागाकर्ता:
नवा एसएमपीएस बसवला. लिमिट १०० टक्के, चार के रेंडर दोनदा पूर्ण झाला, वायर थंड. अर्थिंगची वायर भिंतीवरच्या स्विचबोर्डापर्यंतच होती, पुढे खड्डाच नव्हता. वायरमन शनिवारी खणायला येतोय. यूपीएस लग्नसराईचे पहिले पैसे आले की घेईन, तोवर ७० वर. सगळ्यांचे आभार.