मदत हवी आहे: सोल्युशन न लागणारा चिकट पॅच रात्री लावला की पहाटे हवा गायब

पेपरलाईन_४३० (शनिवार, संध्याकाळी ७:१०)
चार दिवसांपासून हेच होऊन राहिलं. मागची ट्यूब पंक्चर आहे. ऑनलाइन ते स्टिकरसारखे पॅच मागवले, सोल्युशन (पॅच चिकटवायचा द्रव) लागत नाही म्हणून. पाकिटात पॉलिश पेपरचा तुकडाही आला होता. घासलं, पुसलं, चिकटवलं, दाबून धरलं. रात्री चाक कडक. पहाटे चारला पाहतो तर रिम जमिनीला टेकलेली. सहापैकी तीन पॅच वाया गेले. मी सायकलवर घरोघरी पेपर टाकतो. उद्या रविवार आहे, पुरवण्यांमुळे गठ्ठा जड राहतो. पॅचच खराब आले का? लवकर सांगा.

फुटाळा_राउंड (७:१८)
कोणती सायकल? टायरचा साइज? भोक टायरच्या बाजूला आहे की रिमच्या? एक आहे की शेजारीशेजारी दोन? दोन असतील तर हवा कमी असताना खड्ड्यात रिमनं ट्यूब चिमटली असेल, तो प्रकार वेगळा.

पेपरलाईन_४३० (७:२१)
साधी काळी सायकल आहे, मागं कॅरिअर. एकच भोक. बाकी माहिती कशाला लागते? पॅच सुटून राहिला एवढंच आहे.

काळी_सायकल_१९८८ (७:२६)
स्टिकर फेकून दे भाऊ. जुन्या ट्यूबचा गोल तुकडा काप, कानसीनं दोन्हीकडं घास, सोल्युशन लाव, सुकू दे, ठोक. माझ्या ट्यूबवर असे अकरा पॅच आहेत आणि एकातूनही हवा जात नाही. नसेल जमत तर पंक्चरवाल्याकडे जा, तो दहा मिनिटांत करून देईल.

पेपरलाईन_४३० (७:२९)
आमच्या चौकातला पंक्चरवाला लग्नासाठी गावाला गेला, मंगळवारी येईल. पहाटे साडेचारला मला सेंटरवर गठ्ठा उचलायचा असतो, तेव्हा कोणतंच दुकान उघडं नसते. सोल्युशन घरी नाही. नागपुरात मानेवाड्याच्या लाईनवर १६० घरं आहेत. गेले तीन दिवस चालत टाकले, दोन घरांनी पेपर बंद करतो म्हटलं.

पुणेरी_पेडल (७:४०)
एकदाच खर्च करून पंक्चर-रोधक पट्टा असलेला टायर घ्या, कटकट संपेल. मी ७००×३५ वर तोच वापरतो. आणि व्हॉल्व्ह प्रेस्टा (रेसिंग सायकलींचा बारीक व्हॉल्व्ह) असेल तर साध्या पंपासाठी छोटा पितळी अडॅप्टर मिळतो, तोही घेऊन ठेवा.

फुटाळा_राउंड (७:४४)
त्याची २८ इंची काळी सायकल आहे. तिला प्रेस्टा कुठून असणार? आणि त्याला उद्या पहाटेचा उपाय पाहिजे. आज शनिवारची रात्र आहे.

बुटाइल_बाबा (७:५८)
रबराच्या कामात बरीच वर्षं गेली, म्हणून सविस्तर सांगतो. चिकट पॅच आणि सोल्युशनचा पॅच या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. किटमध्ये काळा, केशरी किनारीचा जो पॅच मिळतो, त्याच्या खालच्या थराची सोल्युशनसोबत रासायनिक क्रिया होते आणि तो ट्यूबशी एकजीव होतो. चिकट पॅच हा पातळ पारदर्शक पडदा, खाली फक्त गोंद. ट्यूब फुगली की रबर ताणतं, पडदा तेवढा ताणत नाही आणि कडेनं उचलला जातो. टायरच्या आत मात्र हवाच ट्यूबला टायरवर दाबून धरते, तेव्हा तो बरा टिकतो.

आता उष्णता. मे महिन्यात आपल्याकडे ४५ अंशांच्या वर जाते. सायकल दिवसभर उन्हात उभी असेल तर काळं टायर हवेपेक्षाही जास्त तापतं आणि गोंद मऊ पडतो. तुमची सायकल दिवसा कुठं असते?

काळी_सायकल_१९८८ (८:०५)
बाबा, एकजीव वगैरे ठीक आहे, पण जुन्या ट्यूबचा तुकडा काहून टिकतो मग? त्यात कुठं केशरी किनार असते? दुकानवाले तर काडी लावून सोल्युशन पेटवतात, भुरकन सुकते आणि पॅच पक्का.

बुटाइल_बाबा (८:१३)
तो तुकडा सोल्युशनच्या चिकटपणावर टिकतो, आणि नीट घासून नीट सुकवला तर चांगला टिकतो. तुमचे अकरा पॅच मला खरेच वाटतात. पण पेटवायचं काम घरी कोणी करू नका. त्यातला द्रव भडकन पेट घेतो. सोल्युशनचा पातळ थर पाच मिनिटं उघडा ठेवला की आपोआप सुकतो. बोट लावलं तर चिकट वाटतं पण बोटाला येत नाही, तेव्हाच पॅच ठेवायचा. लोक ओल्यावरच ठेवतात, म्हणून सुटतो.

काळी_सायकल_१९८८ (८:१६)
माझ्यासमोर हजार वेळा पेटवलं असेल, कोणाचं बोटही भाजलं नाही.

बुटाइल_बाबा (८:१९)
माझ्यासमोर एकाचा हात भाजला आहे. इथं वाचणाऱ्यांत शाळेतली पोरंही आहेत, म्हणून पुन्हा सांगतो, पेटवू नका.

ॲक्टिवा_नंदनवन (८:२२)
हा पॅच स्कूटरला चालेल का? मागच्या टायरमध्ये खिळा गेला आहे.

फुटाळा_राउंड (८:२४)
तुमच्या स्कूटरचं टायर ट्यूबलेस असेल. त्याला दोरी किंवा मशरूम प्लग लागतो. कृपया वेगळा धागा काढा.

सक्करदऱ्याची_ताई (८:३१)
मी मुलाची आणि माझी, दोन्ही सायकली घरीच दुरुस्त करते. पेपरलाईन, तू एक गोष्ट सांगितली नाहीस. पॅच लावल्यावर तपासतोस कसा?

पेपरलाईन_४३० (८:३४)
सगळे तपासतात तसंच. हवा भरून गंजातल्या पाण्यात ट्यूब बुडवतो. मनगटाएवढी फुगवतो म्हणजे बारीक बुडबुडाही दिसतो. एकही येत नाही. मग टायरमध्ये टाकून पूर्ण हवा भरतो. सायकल दिवसभर लायब्ररीच्या बाहेर उन्हातच असते, तिथं शेड नाही.

सक्करदऱ्याची_ताई (८:४१)
इथंच बिघडून राहिलं रे. बाबा वर सांगून गेले की पडदा ताणत नाही. टायरच्या बाहेर तू ट्यूब तिच्या मापाच्या दुप्पट फुगवतोस, तेव्हाच पॅचची कड सुटते. बुडबुडा लगेच येत नाही, पण मधोमध थोडाच धरलेला असतो, रात्रभरात तोही जातो. सोल्युशनच्या पॅचला बाहेर फुगवलेलं चालते. चिकट पॅचला चालत नाही. भोक शोधायला पाहिजे तेवढी फुगव, ते पॅचच्या आधी. पॅच लावल्यावर बाहेर फुगवायचीच नाही, सरळ टायरमध्ये.

आणखी दोन गोष्टी विचारते, चिडू नकोस. भोकाच्या जवळून ट्यूबवरची उभी रेघ, साच्याची शिवण, जाते का? आणि टायरच्या आतून हात फिरवलास का?

पेपरलाईन_४३० (८:४६)
चिडलो नाही ताई. हो, रेघ भोकाच्या अगदी शेजारून जाते. टायर आतून पाहिलं, काही दिसलं नाही.

सक्करदऱ्याची_ताई (८:५५)
ती रेघ उंच असते. तिच्यावर पॅच ठेवला की दोन्हीकडं बारीक नळी राहते, तिथून हवा निघते. पॅचपेक्षा मोठ्या गोलात घास, रेघ बोटाला लागणार नाही इतकी, चमक पूर्ण गेली पाहिजे. जुन्या पॅचचा गोंद राहिला असेल तोही काढ. स्पिरिट असेल तर कापसानं पूस आणि सुकू दे. नव्या ट्यूबवर पावडर असते, तीही गोंदाची वैरी. पॅचच्या चिकट बाजूला बोट लावू नको, या दिवसांत हाताला घाम राहतो. मग चमच्याच्या पाठीनं मधून कडेकडे दोन मिनिटं घासत दाब.

टायर नुसतं पाहून चालत नाही. कापसाचा बोळा आतून फिरव, बाभळीचं टोक असेल तर धागा अडकेल. बोटानं शोधू नको, टोचेल. ट्यूब टायरवर ठेवून व्हॉल्व्ह जुळवला की भोकासमोर काटा कुठं असेल तेही कळते.

काळी_सायकल_१९८८ (९:०२)
ताईचं बरोबर आहे, पण पोरा, वॉलट्यूब बदलली का? काळ्या सायकलला व्हॉल्व्हवर ती बारीक रबरी नळी असते. उन्हानं कडक होते, फाटते. व्हॉल्व्हच्या तोंडावर थुंकी लाव, फुगा आला तर तीच गळते. लोक उगीच ट्यूबला दोष देतात.

पुणेरी_पेडल (९:१०)
म्हणूनच मी मघाशी चांगल्या टायरचं म्हणत होतो. काटा आतच नाही गेला तर एवढं करावंच लागत नाही.

सक्करदऱ्याची_ताई (९:१४)
टायर चांगलाच घ्यावा, त्याला नाही कोण म्हणते? पण त्या पैशात याच्या कित्येक महिन्यांच्या ट्यूब येतील, आणि वॉलट्यूबची गळती टायर कितीही चांगला असला तरी थांबत नाही.

सराटे_गोरेवाडा (९:२०)
आमच्या रस्त्याच्या कडेला सराटे फार. पायवाटेनं गेलं की पंधरा-वीस काटे एकदम. एका राईडला सात पंक्चर झाले होते. काटे काढताना मोजून काढा, एकही राहिला तर सगळं पुन्हा करावं लागतं. आणि उद्या पहाटे लाईन संपल्यावर तर्री पोहे खाऊन घे, भुकेल्या पोटी क्लासला जाऊ नको.

पेपरलाईन_४३० (१०:५०)
कापसाचा बोळा अडकला! टायरच्या मधल्या नक्षीत बाभळीचं टोक होतं, तांदळाच्या कणीएवढं. चिमट्यानं आतून ओढून काढलं. शिवण घासून सपाट केली. स्पिरिट नव्हतं, आईकडचं हँड सॅनिटायझर वापरलं, चालेल ना? पॅच दाबला, बाहेर फुगवला नाही. थोडी हवा भरून ट्यूब गोल केली, टायरमध्ये टाकली, वळकटी पडली नाही हे दोन्हीकडून पाहिलं, मग पूर्ण भरली. व्हॉल्व्हवर थुंकी लावली तर हळूहळू फुगा येतो आहे. वॉलट्यूब कुठून आणू आत्ता?

बुटाइल_बाबा (१०:५६)
सॅनिटायझरमध्ये ग्लिसरीनसारखा ओशट भाग असतो, तो मागं राहतो. पुढच्या वेळी मेडिकलमधलं साधं स्पिरिट घ्या. आता लावलेला काढू नका, पाहू टिकतो का.

काळी_सायकल_१९८८ (११:०२)
पुढच्या चाकाची वॉलट्यूब काढून मागं घाल, मागची पुढं. वजन मागं आहे. पुढचं सकाळी पंपानं भर, पंप सोबत ठेव.

पेपरलाईन_४३० (रविवार, सकाळी ८:२५)
१६० घरं झाली. पहाटे चारला मागचं चाक कालच्याइतकंच कडक होतं. पुढचं चार वेळा भरावं लागलं. लायब्ररीत सायकल आता मागच्या भिंतीच्या सावलीत लावीन. जी दोन घरं बंद करणार होती, तिथं पावणेसहाला पोचलो, काकूंनी दारातूनच पेपर घेतला. ताई, काका, बाबा, खूप आभार. आज सोल्युशन आणि वॉलट्यूब घेतो. सोल्युशनची मोठी ट्यूब घेऊ की छोटी?

काळी_सायकल_१९८८ (८:३१)
छोटी घे. एकदा उघडली की बूच लावूनही आत सुकत जाते, या उन्हाळ्यात तर लवकरच. वॉलट्यूब हातभर घे, हवी तेवढी कापता येते.