अँटिसेमिटिझमला मराठीत काय म्हणाल? ज्यूद्वेष, यहुदीविरोध की आणखी काही?

तळटीप :
अमेरिकेतल्या विद्यापीठांमधल्या ज्यू विद्यार्थ्यांवरचा एक लेख मराठीत आणते आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये हमासने इस्राईलवर हल्ला केला, गाझात युद्ध पेटलं, त्यानंतरचं सगळं त्यात आहे. संसदेतल्या समितीपुढे हार्वर्ड, पेन (पेनसिल्व्हेनिया) आणि एमआयटी या विद्यापीठांच्या अध्यक्षांची झाडाझडती, मग पेन आणि हार्वर्डच्या अध्यक्षांचे राजीनामे, पुढच्या एप्रिलमध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या हिरवळीवरचे युद्धविरोधी विद्यार्थ्यांचे तंबू. मी सगळीकडे ‘ज्यूद्वेष’ लिहिलं होतं. संपादकांनी खोडून ‘यहुदीविरोध’ केलं. म्हणे ज्यू हा इंग्रजी शब्द, यहुदी आपला. माझ्या आईने ‘यहुदी’ फक्त हिंदी सिनेमात ऐकलाय. आणि ‘विरोध’? विरोध धरणाला असतो, सुनेच्या नोकरीला असतो. काय ठेवू? शुक्रवारपर्यंत द्यायचंय.

खडूमास्तर :
यहुदी आपला कधीपासून झाला? तो अरबी-फारसीच्या वाटेने आला, ज्यू इंग्रजीच्या. दोघेही पाहुणेच, एक जरा आधी आला एवढंच. मराठी बायबलात यहूदी आहे, शाळेच्या इतिहासात ज्यू. ज्याने जे आधी वाचलं त्याला ते शुद्ध.

खरी गंमत मूळ शब्दात आहे. ‘सेमिटिक’ हे नाव श्लोट्सर नावाच्या जर्मन विद्वानाने १७८१ मध्ये भाषांच्या एका कुळाला दिलं, बायबलातल्या नोहाचा मुलगा शेम याच्यावरून. जर्मनमध्ये ‘युडेनहास’ हा शब्द होताच, म्हणजे शब्दशः ज्यूद्वेष. पण विल्हेल्म मार या गृहस्थाला तो गावठी वाटला असावा. १८७९ मध्ये त्याने संघटना काढली तिचं नाव अँटिसेमिटांची लीग. वंश, शास्त्र वगैरे भारदस्त वास यावा म्हणून. थोडक्यात, द्वेष करणाऱ्यांनीच स्वतःला लावून घेतलेली ही पदवी आहे. तुम्ही ज्यूद्वेष लिहिलंत की तिच्यावरचा मुलामा उतरतो. माझं मत ज्यूद्वेषाला.

स्पष्टवक्ता८१ :
पण अरबही सेमिटिकच ना? मग अरब माणूस अँटिसेमाइट कसा असेल?

खडूमास्तर :
हा प्रश्न यायचाच होता. प्रवीण म्हणजे वीणा उत्तम वाजवणारा, कुशल म्हणजे कुश नीट कापून आणणारा. आता कुशल सर्जनकडे गेलात तर आधी दर्भाची जुडी मागणार का? शब्द जन्मला तेव्हापासून त्याचा रोख ज्यूंवरच आहे. विषय संपला.

स्पष्टवक्ता८१ :
तुमचा संपला असेल.

थंडीतला कोकणी :
मास्तर, मुलामा उतरतो हे पटलं, पण ‘द्वेष’ फार तापलेला शब्द आहे. माझी मुलगी इथे बॉस्टनजवळ शिकते. तिची खोलीतली मैत्रीण गळ्यात सहा टोकांची चांदणी घालायची. त्या ऑक्टोबरनंतर चांदणी स्वेटरच्या आत गेली. तिला कोणी शिवी दिली नाही. प्रोजेक्टच्या गटात मात्र नावाआधी विचारलं जायचं, ‘तू कोणाच्या बाजूची?’ याला द्वेष म्हणू? आपल्याकडे ‘पूर्ण नाव काय?’ विचारतात तसं ते आहे. दुसरी एक मैत्रीण, तीही ज्यू, दिवसभर तंबूत असायची आणि वल्हांडण या ज्यू सणाचं जेवणही तिथेच जेवली. तिलाही तोच प्रश्न, फक्त तिच्याच नातेवाइकांकडून.

तळटीप :
हेच! अँटिसेमिटिझमची २०१६ची जी व्याख्या सगळे उगाळतात, आयएचआरए या आंतरराष्ट्रीय संघटनेची, तीसुद्धा सांगते की ही ज्यूंविषयीची एक विशिष्ट धारणा आहे, जी द्वेषाच्या रूपात व्यक्त होऊ शकते. होऊ शकते! म्हणजे द्वेष हे तिचं एक रूप झालं. ‘जातीयता’ या शब्दात द्वेष कुठे आहे? तरी ऐकणाऱ्याला सगळं कळतं. मला तसा शब्द हवाय.

नाममात्र :
पूर्ण नावावरून आठवलं. हार्वर्डचे अध्यक्ष लॉवेल यांना १९२२ मध्ये ज्यू विद्यार्थी फार झालेत असं वाटू लागलं. त्यांना १५ टक्क्यांची मर्यादा हवी होती. प्राध्यापकांनी ती उघडपणे मान्य केली नाही, मग प्रवेशअर्जात नवे रकाने आले. वंश, धर्म, आईचं माहेरचं नाव, आणि ‘जन्मापासून तुमच्या किंवा वडिलांच्या नावात काही बदल झाला आहे का?’ पुढे फोटो आणि ‘चारित्र्य’. या अर्जात द्वेषाचं एक अक्षर नाही. सगळं किती सभ्य! ‘ज्यूद्वेष’ लिहिलंत तर वाचक नाझी शोधत बसेल, हा कारकून त्याच्या नजरेतून सुटेल.

अष्टागर :
मी बेने इस्राईल, म्हणजे कोकणातला ज्यू, अलिबागकडचा, आडनावाला ‘कर’ आहे. आमच्या घरात ज्यूही नव्हतं नि यहुदीही नव्हतं. आम्ही इस्राईल लोक. गाव म्हणायचं शनिवार तेली, कारण शनिवारी घाणा बंद. आजी ‘मशिदीत चालले’ म्हणायची, म्हणजे सिनेगॉगमध्ये. मुंबईत मांडवीला १७९६ची आमची जुनी मशीद आहे. पुण्याचं सिनेगॉग मात्र लाल देऊळ. पुढच्या पिढीने इंग्रजीतून कळल्यावर स्वतःला ज्यू म्हणायला सुरुवात केली. तेव्हा ‘आपला शब्द’ कोणता हे संपादकांनी आम्हाला विचारावं. आमच्या राजपूरकरांनी एकोणिसाव्या शतकात हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या, मुंबई विद्यापीठात ते हिब्रूचे परीक्षकही होते. शब्द तिथे शोधा.

कॉलेजात मला एवढंच विचारलं गेलं, ‘तुम्ही म्हणजे पारशी का?’

स्पष्टवक्ता८१ :
बघा! आपल्याकडे हा प्रकार कधी नव्हताच, म्हणून शब्दही नाही.

मांडवीपार :
गोव्यातून सांगतो, ‘कधी नव्हताच’ जपून म्हणा. गार्सिया द ओर्ता लिस्बनच्या विद्यापीठात शिकवायचा, १५३४ मध्ये गोव्यात आला. नवख्रिस्ती, म्हणजे बाटवलेल्या ज्यू घरातला. बहिणीला १५६९ मध्ये इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, जाळलं. तो आधीच सुखाने मेला होता, तर १५८० मध्ये त्याची हाडं उकरून जाळली. पणजीच्या बागेला त्याचं नाव आहे. बाकांवर बसून लोक भेळ खातात.

स्पष्टवक्ता८१ :
ते पोर्तुगीज होते.

मांडवीपार :
आणि हाडं कुठे होती?

नाममात्र :
तळटीप, तंबूंना काय लिहिलंय? ‘छावणी’ नसेल अशी आशा.

तळटीप :
छावणीच लिहिलंय. का?

नाममात्र :
त्याच लेखात ‘छळछावणी’ येणार. दोन पानांच्या अंतराने एकच शब्द आला की तुम्ही न केलेलं विधान वाचक वाचणार. ‘तळ’ किंवा सरळ ‘ठिय्या’ करा.

थंडीतला कोकणी :
ठिय्या उत्तम. आणि झायोनवादविरोध, म्हणजे ज्यू राष्ट्राच्या चळवळीला विरोध, वेगळा ठेवलायत ना? इथे निम्मं भांडण त्या दोन शब्दांच्या मधल्या भिंतीवरूनच आहे. ती २०१६ची व्याख्या लिहिणाऱ्यांपैकी केनेथ स्टर्न स्वतःच सांगत फिरतात की विद्यापीठात कोणाचं तोंड बंद करायला ती लिहिली नव्हती.

तळटीप :
ठेवलाय. पण झायोन, झिऑन की बायबलातला सियोन?

खडूमास्तर :
सियोन. आपलं सायन तेच. जेझुइट पाद्र्यांनी तिथल्या चॅपेलला माउंट झायनचं नाव दिलं, त्यावरून स्टेशन.

अष्टागर :
मास्तर, काहीतरीच! ते शीव आहे. मुंबई बेटाची हद्द, शीव. साहेबाला म्हणता आलं नाही म्हणून सायन.

खडूमास्तर :
‘शीव’चं ‘सायन’ कोणत्या नियमाने होतं तेवढं सांगा. व चा न कसा झाला?

अष्टागर :
ठाण्याचं ‘टॅना’ ज्या नियमाने झालं त्याने.

मांडवीपार :
ठाण्याचा न मुळातच होता हो!

तळटीप :
संपादकांचा निरोप आला. ‘अँटिसेमिटिझम’च ठेवू आणि पहिल्या वापराला चौकट टाकू म्हणतात, पण चौकट साठ शब्दांत हवी. कोणी लिहून देतं का?

स्पष्टवक्ता८१ :
शिवेवरचा मारुती असतो गावोगाव. सायनला आहे का एखादा जुना? असेल तर प्रश्नच मिटला.