संडास-बाथरूम एक करायचंय. कंत्राटदाराला बोलावण्याआधी मापं कशी घ्यावीत?

शेवंती:
मुलुंड पूर्वेला जुन्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर राहतो. संडास वेगळा, बाथरूम वेगळं, मधे एक भिंत. आईचे गुडघे पार गेलेत, खाली बसून उठणं आता होत नाही. म्हणून मधली भिंत काढून कमोड बसवायचा विचार आहे. एक कंत्राटदार येऊन गेला. दारातूनच टेप टाकली, 'साडेआठ बाय चार' म्हणाला आणि संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर एस्टिमेट पाठवलं. त्यात लिहिलंय 8.6 × 4. आता अजून दोघांना बोलवायचंय, पण त्याआधी मापं माझ्या वहीत हवीत. घरात टेप आहे, गुण्या (कोपऱ्याचा काटकोन तपासायची पट्टी) नाही. काय काय मोजू? रिडेव्हलपमेंटची बोलणी वर्षानुवर्षं चालूच आहेत, त्यामुळे फार पैसे ओतायचे नाहीत.

ओळंबा:
ताई, आधी ते 8.6 खोडा. साडेआठ फूट म्हणजे 8 फूट 6 इंच. 8.6 फूट म्हणजे 8 फूट सव्वासात इंच. तोंडी सगळे फूट-इंच बोलतात आणि कॅल्क्युलेटरवर मात्र दशांश टाकतात. कमोड-बेसिनच्या कागदावर सगळं मिलिमीटरमध्ये असतं, तेव्हा वहीत मिलिमीटरच लिहा. मिस्त्रीशी बोलताना इंच आणि सूत, 8 सुतांचा एक इंच.

रुंदी एकदा मोजून भागत नाही. फरशीलगत, कमरेएवढ्या उंचीवर आणि डोक्याच्या वर, आणि तेही दाराजवळ एकदा, आत एकदा. जुन्या भिंतींवर गिलाव्याचे थर चढत गेलेले असतात, मधेच पोट सुटलेलं असतं. सगळ्यांत कमी येईल तो आकडा खरा. गुण्या नसला तरी अडत नाही. कोपऱ्यापासून एका भिंतीवर 3 फुटांवर खूण करा, दुसरीवर 4 फुटांवर. दोन खुणांमधलं तिरकं अंतर बरोबर 5 फूट आलं की कोपरा काटकोनात. कमी आलं तर कोपरा मिटलाय, जास्त आलं तर उघडलाय. टाइलची शेवटची ओळ तिरकी कापावी लागणार की नाही ते इथेच कळतं.

जुन्या टाइलवर नवी चिकटवली तर दर भिंतीला अर्धा इंच जातो. फोडून नव्याने गिलावा केला तर कुठे थोडी जागा मिळेल, कुठे जाईल, ते मिस्त्रीच्या हातावर. पण चिकटवण्याआधी जुन्या टाइल्स नाण्याने ठोकून बघा. पोकळ आवाज आला तर ती फोडायचीच.

आता मुख्य गोष्ट. तुमच्या संडासात शिरताना पायरी आहे का? जुन्या इमारतींत बहुतेक असतेच. भांड्याखालच्या ट्रॅपला (पाणी साठवून वास अडवणारा वाकडा पाइप) जागा लागते, स्लॅब खाली घेतलेला नसला की फरशीच वर उचलतात. आईंचा खरा त्रास निम्मा त्या पायरीचाही असेल. पॅसेज, बाथरूम आणि संडास, तिन्हींच्या फरशीची पातळी मोजा. लेव्हलची पारदर्शक नळी हार्डवेअरवाल्याकडे मीटरवर मिळते. पाणी भरा, आत हवेचा बुडबुडा ठेवू नका, एक टोक पॅसेजमध्ये आणि दुसरं आत धरा. दोन्हीकडे पाणी जिथे थांबेल तिथे रेघ मारा आणि रेघेपासून खाली फरशीपर्यंत मोजा. आकड्यांतला फरक म्हणजे पातळीतला फरक. बाथरूमचं पाणी जातं त्या न्हाणी ट्रॅपच्या जाळीपाशीही असंच मोजा, उतार किती आहे ते समजेल. फुटाला दोन सूत उतार हवा.

मग मैल्याचा पाइप. भिंतीतून बाहेर जातो की फरशीतून खाली? भिंतीतून जात असेल तर पी-ट्रॅपचा कमोड, त्याच्या तोंडाचा मध्य फरशीपासून साधारण 180 मिमी उंच असतो. खाली जात असेल तर एस-ट्रॅप, आणि मागच्या भिंतीपासून पाइपच्या मध्यापर्यंतचं अंतर महत्त्वाचं. बाजारात 9 इंची आणि 12 इंची असे प्रकार मिळतात. अंतर मोजायचं ते टाइल लागल्यानंतरच्या भिंतीपासून.

पोटमाळ्याची खालची बाजू, खिडकीची चौकट आणि गीझरची जागाही टिपून ठेवा. आणि एक माप आईंचं: घरातल्या ज्या खुर्चीवरून त्या आधाराशिवाय उठतात तिच्या बैठकीची उंची.

खालचा मजला:
माझी बाजूही ऐका. आमच्या वरच्यांनी असंच काम काढलं आणि माझ्या स्वयंपाकघराच्या छताला ओल आली, पुढचा पावसाळा बादली ठेवून काढला. फोडाफोडीआधी खालच्यांच्या घरी जाऊन चहा प्या आणि त्यांच्या संडासाचं छत बघा. तुमचा ट्रॅप त्यांच्याकडे लोंबत असेल तर दोघांच्या संमतीशिवाय काही होणार नाही. मोबाइलवर फोटोही काढून ठेवा. सोसायटीच्या कमिटीला पत्र द्याच. आणि वॉटरप्रूफिंग झालं की टाइल लावण्याआधी पाणी भरून निदान दोन दिवस ठेवायला लावा.

शेवंती:
दोघांचे आभार. मोजून झालं. रुंदी फरशीलगत 1215, वर खिडकीजवळ 1190. पायरी 7 इंच. पाइप भिंतीतूनच बाहेर जातो, डक्ट (पाइपांसाठीची उभी मोकळी जागा) संडासाच्या आखूड भिंतीमागे आहे. खाली काही लोंबत नाही, बघून आले. खुर्ची 18 इंच. कमोड लांब भिंतीला लावला तर बेसिनला मोकळी जागा राहील असं कंत्राटदार म्हणतो.

ओळंबा:
1190 धरा. दोन्ही बाजूंना टाइलचे पंधरा-पंधरा गेले, उरले 1160. कमोड साधारण 690 पुढे येतो, म्हणजे लांब भिंतीला लावल्यावर समोर 470. साडेअठरा इंचांत आईंना पुढे झुकून उठायचंय. बेसिनपेक्षा तो विचार आधी. भिंतीवर टांगायचा कमोड सुचवला तर त्याच्या टाकीसाठी पाच-सहा इंचांची खोटी भिंत येते, वाचलेली जागा तिथेच जाते.

डक्टच्या आखूड भिंतीलाच लावा, तोंड लांबीकडे. कमोडचा मध्य एका बाजूच्या भिंतीपासून 380 वर ठेवा, म्हणजे त्या भिंतीवर आधाराचा दांडा हाताशी येईल. सात इंचांची पायरी जाऊ शकते, कारण जुना ट्रॅप तिच्याच पोटात आहे. फक्त भिंतीतलं भोक नव्या फरशीपासून किती उंच येतंय ते भांडं काढल्यावर मिस्त्रीसमोर मोजा आणि कमोड त्यानंतरच विकत घ्या. साधा कमोड सोळा इंचांच्या आसपास असतो, तुम्ही उंच बैठकीचा मागा. दार बाहेर उघडणारं करा.

मधल्या भिंतीखाली बीम आहे का, आणि ती नुसती साडेचार इंची विटांची आहे ना, हे कमिटीकडच्या जुन्या नकाशात बघा. नकाशा नसेल तर इंजिनिअरला दाखवल्याशिवाय हातोडा लावू देऊ नका.