मदत हवी आहे: ‘देमिर्जी’ आडनावाचा माग

तुर्की भाषेत ‘देमिर’ म्हणजे लोखंड, ‘देमिर्जी’ म्हणजे आपला लोहार! जर्मनीत हे आडनाव दिसतं, ते बहुतेक 1961च्या जर्मनी-तुर्कस्तान कामगार करारानंतर गेलेल्यांचं. पण ग्रीसमध्ये ‘देमिर्जोग्लू’, आर्मेनियन लोकांत ‘देमिर्जियान’ किंवा ‘देमिर्च्यान’ (आर्मेनियाचे नेते कारेन देमिर्च्यान आठवा). गंमत म्हणजे तुर्कस्तानात आडनाव सक्तीचं झालं 1934च्या कायद्याने. अनातोलियातले (तुर्कस्तानच्या आशियाई भागातले) बहुतेक ग्रीक तर 1922चं पलायन आणि 1923ची ग्रीस-तुर्कस्तान लोकसंख्या-अदलाबदल यांतच बाहेर पडले होते. म्हणजे ही नावं कायद्याच्या आधीचीच ना?

माझा प्रश्न: 1934पूर्वीच्या नोंदींत एखादं कुटुंब कसं शोधायचं? आपल्याकडे ‘-कर’वरून निदान गाव तरी कळतं, इथे नुसता धंदा. ऑटोमन (जुन्या तुर्की साम्राज्याची) दफ्तरं किंवा निर्वासितांच्या याद्या कुणी चाळल्या आहेत का? सुरुवात कुठून करू?