मुलीचं नाव लोपामुद्रा ठेवावं का? अर्थ माहीत असलेल्यांनी सांगा प्लीज

नवी_आत्या
नमस्कार मंडळी, दादाला मुलगी झाली, मी एकुलती एक आत्या, पुढच्या रविवारी जुळे सोलापुरात घरीच बारसं आहे आणि कानात कुर्र करायचं काम माझं, पण कुर्र करून पुढं म्हणायचं काय तेच अजून ठरेना. नक्षत्र भरणी, चौथं चरण, म्हणजे अक्षर आलं लो. गुरुजींनी "लो" म्हटल्याबरोबर वहिनी म्हणाली लोपामुद्रा, जसं काय तिचं आधीपासून ठरलेलंच होतं. मला ऐकायला आवडलं. पण आई म्हणते, "लोप म्हणजे नाहीसं होणं. लेकराच्या नावात लोप घालतात का गं कुणी?" आणि दादाला विचारलं तर म्हणतो तुम्ही ठरवा, मी पाळणा आणतो. तर नक्की अर्थ काय, कुठून आलं हे नाव, आणि आजकाल कुणी ठेवतं का? वेबसाइटवर बघितलं तर सगळीकडे नुसतं "विदुषी" एवढंच लिहिलंय.

कडकभाकरी
अभिनंदन आत्याबाई, पेढे कुठायत? नाव भारदस्त आहे पण मी आपला प्रॅक्टिकल माणूस, पोरं शाळेत मुद्रा लोन म्हणून चिडवणार बघा. मोठी झाली की मुद्रांक शुल्क. आणि बालवाडीत स्वतःचं नाव लिहायला बसली तर बाकीच्यांचा डबा खाऊन होईल. लो वरून लोचना बघा की, सुटसुटीत.

रिटायर्ड_संस्कृत
आईंची शंका रास्त आहे, तिला हसू नका. लोप म्हणजे नाहीसं होणं हे बरोबरच. पण पुढे मुद्रा आहे ना. मुद्रा म्हणजे खूण, ज्याचं त्याचं खास रूप. महाभारतात वनपर्वात गोष्ट आहे, अगस्त्य ऋषींनी वेगवेगळ्या प्राण्यांचं जे जे उत्तम ते ते घेऊन एक मुलगी घडवली आणि मुलासाठी तप करत असलेल्या विदर्भाच्या राजाला दिली. तिच्यापुढे बाकी सगळ्यांच्या रूपाचा लोप झाला, म्हणून लोपामुद्रा, असा अर्थ लावतात. म्हणजे लोप तिचा नाही, दुसऱ्यांचा. आणि बारशाचं म्हणाल तर तिथेही नाव ब्राह्मणांनी ठेवलं असंच लिहिलंय, तेव्हा तुमच्या गुरुजींचंही काम झालं.

"विदुषी" हा शब्दाचा अर्थ नाहीच, तो तिच्या कामावरून चिकटवलाय. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलात 179वं सूक्त आहे, सहाच ऋचा, त्यातल्या पहिल्या दोन तिच्या नावावर आहेत. ती अगस्त्यांना सरळ सांगते की किती वर्षं रात्रंदिवस राबले, एकेक पहाट उजाडते ती मला म्हातारी करत जाते, आता तपाबरोबर संसाराकडेही बघा. वर्गात शिकवताना याची जरा पंचाईतच व्हायची, पण इतक्या जुन्या काळी बाई नवऱ्याला असं तोंडावर सुनावते हे वाचून मला तरी फार बरं वाटायचं.

नवी_आत्या
मॅडम (की सर?) थँक्यू. वहिनीला वाचून दाखवलं, ती म्हणाली मग तर ठेवायचंच. दादाचा चेहरा बघण्यासारखा होता. आई मात्र म्हणते, "म्हणजे हरणाचं, मोराचं रूप गेलं, शेवटी कुणाचा तरी लोपच की." आता काय बोलणार.

भुसार_गल्ली
मला एक खटकतं. ज्यानं घडवली त्यानंच पुढं तिच्याशी लग्न केलं ना? कुणी विचारलं नावामागची गोष्ट काय, तर पोरीला हे सांगायचं का? स्पष्ट बोलतो, राग मानू नका.

रिटायर्ड_संस्कृत
(मॅडमच.) बरोबर खटकतंय तुम्हाला. मलाही ती गोष्ट तेवढीशी पटत नाही. पण ऋग्वेद महाभारताच्या कितीतरी आधीचा आणि त्या सूक्तात हे घडवणं वगैरे काही नाही, तिथे ती नुसती थकलेली, बोलणारी बायको आहे. पोरीला मी तर तीच सांगेन. आणि महाभारतातलीसुद्धा काही कमी नाही. लग्न झाल्यावर वल्कलं नेसली, पण पुढे म्हणाली मला माहेरासारखे दागिने, कपडे, तशीच शेज पाहिजे, आणि त्यासाठी तुमचं तप मात्र खर्चायचं नाही. मग अगस्त्य तीन राजांकडे गेले, तिघांचाही जमाखर्च बघितला तर आवक तेवढीच जावक, म्हणून काहीच घेतलं नाही. शेवटी सगळे मिळून इल्वल राक्षसाकडे. पुढचं वातापीचं प्रकरण सगळ्यांना माहीतच असेल.

साळ्याची_सून
थांबा थांबा, वातापी म्हणजे आमचा जीर्णंवाला वातापी का?? आम्ही पूर्व भागातले, घरात तेलुगूच बोलतो. माझ्या सासूबाई बाळाला दूध पाजून झालं की मांडीवर आडवं घेतात आणि पोटावरून उजवीकडून डावीकडं हात फिरवत म्हणतात, "जीर्णं जीर्णं वातापि जीर्णं, गुर्रालु तिन्न गुग्गिळ्ळु जीर्णं." म्हणजे वातापी जिरला तसं जिरू दे, घोड्यांनी खाल्लेल्या घुगऱ्या जिरल्या तसं जिरू दे. माझ्या दोन्ही पोरांना रोज म्हटलंय, यंत्रमाग चालू असले की त्या आवाजातच ताल धरायच्या. पण हा वातापी कोण हे मी कधी विचारलंच नाही, मला वाटायचं ओव्याचं तेलुगू नाव असेल 😄

रिटायर्ड_संस्कृत
ओवा!! नाही हो ताई. इल्वल आपल्या भावाला, वातापीला, बोकड करायचा, शिजवून ब्राह्मणांना वाढायचा आणि जेवण झालं की हाक मारायचा, मग तो पोट फाडून बाहेर. अगस्त्य सगळं जेवले, ढेकर दिली, इल्वलाने हाका मारल्या, पण वातापी केव्हाच जिरला होता. मग घाबरून इल्वलाने धन दिलं आणि लोपामुद्रेचे दागिने झाले. म्हणजे तिने हट्ट धरला नसता तर वातापी जिरला नसता आणि तुमच्या सासूबाईंना म्हणायला काही राहिलं नसतं.

गदग_पॅसेंजर
आणि वातापी म्हणजेच बदामी ओ! चालुक्यांच्या राजधानीचं जुनं नाव वातापी. सोलापूर–गदग लाइनवर विजापूर, बागलकोट करत गाडी सरळ बदामीला जाते, आम्ही कॉलेजला असताना दर वर्षी जायचो. गुहांच्या खाली जे मोठं तळं आहे त्याचं नाव अगस्त्य तीर्थ. वर चढून बसलं की खाली बायका धुणं आपटतात तो आवाज कड्यावरनं घुमून परत येतो. पोरगी जरा मोठी झाली की एकदा घेऊन जा.

बेळ्ळक्की
आमच्या कन्नड लोकांत हे नाव वेगळ्याच वाटेनं येतं. कोडगूकडं कावेरीची कथा सांगतात, ब्रह्मदेवाची मुलगी लोपामुद्रा कवेर ऋषींना दिली म्हणून ती कावेरी झाली, अगस्त्यांशी लग्न झालं, ते तिला कमंडलूत ठेवून गेले आणि ती पाणी होऊन निघून गेली. ऑक्टोबरच्या मध्यात तूळ संक्रांतीला तलकावेरीच्या कुंडात तीर्थ येतं ते बघायला गर्दी असते. म्हणजे आजींना लोप नको असेल तर सांगा की ही तर नदी आहे, लोपली नाही, वाहायला लागली. पण आमच्यात मुलीला कावेरी ठेवतात, लोपामुद्रा कुणी ठेवल्याचं मी तरी ऐकलं नाही.

आयटीवाली_हडपसर
मूळची सोलापूरची, आता पुण्यात. पॉप्युलर म्हणाल तर आपल्याकडं फार कमी, बंगाल आणि ओडिशात मात्र बऱ्यापैकी दिसतं. माझी हॉस्टेलची रूममेट ओडिशाची लोपामुद्रा होती, चार वर्षांत तिला पूर्ण नावानं हाक फक्त हजेरीला, बाकी सगळ्यांची ती लोपा. गायिका लोपामुद्रा मित्रा बंगालच्या. आणि महाराष्ट्रातलीच पाहिजे असेल तर हिंदी बिग बॉसच्या दहाव्या सीझनला होती ती लोपामुद्रा राऊत, नागपूरची. म्हणजे विदर्भाची राजकन्या आणि मुलगीही विदर्भाचीच, मस्त ना? गंमत म्हणजे अगस्त्य नाव आता जिकडंतिकडं, आमच्या बिल्डिंगमध्येच दोन आहेत, पण बायकोचं नाव ठेवायला कुणी तयार नाही.

दाखला_पीडित
नाव कुठलंही ठेवा, पण जन्मदाखल्याचं लक्ष ठेवा. माझ्या मुलीचं नाव मैथिली, दाखल्यावर आलं मिथिली. मी घाईत न बघता घरी आणला आणि मग दुरुस्तीसाठी तीन हेलपाटे, ऑफिसचं नाव घेत नाही, पण दर वेळी खिडकी वेगळी आणि कागद एक जास्त. लोपामुद्रा इंग्रजीत नऊ अक्षरं आहेत, लोपचं लूप करून ठेवतील. स्पेलिंग कागदावर मोठ्या अक्षरात लिहून न्या, मराठी आणि इंग्रजी दोन्ही, आणि काउंटर सोडायच्या आधी वाचा. दुसरं, घाई करू नका. जन्माची नोंद 21 दिवसांत व्हायला पाहिजे, ती दवाखान्यातनं होते, पण नाव नंतर घालता येतं, वर्षाच्या आत फी नाही, त्यानंतर लेट फी भरून 15 वर्षांपर्यंत. तेव्हा घरात एकमत होईस्तोवर थांबलात तरी चालतंय.

कडकभाकरी
एकमत? सोलापूरच्या घरात? मग 15 वर्षंच धरा.

पाळणाघर_काकू
नावरस नाव लोपामुद्रा ठेवा आणि व्यवहारात दुसरं, आमच्यात सगळ्यांचं असंच आहे. माझं नावरस नाव मलाच आठवत नाही.

रिटायर्ड_संस्कृत
आत्याबाई, एक राहिलंच. तुमच्या आई ललितासहस्रनाम म्हणतात का? आपल्याकडे बऱ्याच घरी शुक्रवारी म्हणतात म्हणून विचारते. त्यात "सर्ववेदान्तसंवेद्या सत्यानन्दस्वरूपिणी" याच्या पुढची ओळ बघायला सांगा. बाकी मी काही बोलत नाही.

नवी_आत्या
मॅडम, तुम्हाला कसं कळलं माहीत नाही. आई नवरात्रात रोज रूपाभवानीला जाते आणि एरवी दर शुक्रवारी देवघरासमोर सहस्रनाम. काल शुक्रवारच होता. मी काहीच बोलले नाही, नुसती बाळाला घेऊन मागे बसले. आई आपली भरभर म्हणत होती, पाठच आहे तिचं, "सत्यानन्दस्वरूपिणी, लोपामुद्रार्चिता" म्हणाली, तशीच पुढे चार ओळी गेली आणि एकदम थांबली. चष्मा शोधला, पोथी उघडली, बोट ठेवून परत वाचलं. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "तीस वर्षं म्हणते गं मी हे." अर्चिता म्हणजे जिची पूजा लोपामुद्रेने केली ती देवी, एवढं मीच तिला सांगितलं, तर म्हणाली कळतंय मला, शिकवू नकोस.

तर रविवारी कानात लोपामुद्राच जाणार. अट एकच, हाक मारायला लोपा नाही, मुद्रा. आई म्हणते लोप पोथीत राहू दे, घरात नको. वहिनीने लगेच हो म्हटलं, मला वाटतं तिला वाद मिटल्याचाच जास्त आनंद झाला. कडकभाकरी दादा, लोनचा जोक दादानेही केला, त्यामुळे तुमचं क्रेडिट गेलं.

साळ्याची सून ताई, ते तेलुगू गाणं आहे ते पूर्ण लिहून टाका ना इथे, रविवारी घुगऱ्या आमच्याकडे पण आहेतच.

साळ्याची_सून
सासूबाईंना विचारून रात्री टाकते. हत्तीचं पण एक कडवं आहे म्हणाल्या, हत्तीनं काय खाल्लं ते आठवालेत.