कॉननमध्ये रानच का? हाइबारावाले असाल तर इकडे या

राजवाड्याचा_भिया
सरळ बोलतो, डिटेक्टिव्ह कॉनन या जपानी मांगामधली (कॉमिकमधली) शिनइची-रान जोडी मला पटतच नाही. शिनइची म्हणजे औषधाने लहान होऊन कॉनन या नावाने रानच्याच घरात राहणारा हायस्कूलचा डिटेक्टिव्ह. ऑफिशियल आहे, माहितीये, लंडनला बिग बेनसमोर तो बोलून मोकळा झाला, मग क्योतोच्या सहलीत तिने गालावर पप्पी देऊन उत्तर दिलं, सगळं वाचलंय, तेच परत सांगायला येऊ नका. काल इंदूरच्या सराफ्यात भुट्ट्याचा कीस गार होऊन गेला पण आमच्या ग्रुपमध्ये कोणी मला एक गोष्ट समजावून नाही देऊ शकला, की जिच्याच घरात राहून हा पठ्ठ्या रोज तोंडावर खोटं बोलून राहिलाय तिच्याशी प्रेम, आणि जिला सगळं खरं माहीत ती हाइबारा फक्त पार्टनर? हे कुठलं लॉजिक? हाइबारावर तेच औषध, तीही लहान झालेली, तिला याची भीती याच्यापेक्षा जास्त कळते. बस हायजॅकची केस आठवा, बॉम्ब फुटणार आणि ती मरायचं ठरवून आतच बसून राहते, तेव्हा परत आत घुसून तिला काढतो कोण? आणि म्हणतो काय तर स्वतःच्या नशिबापासून पळू नकोस. रानला काय मिळतं, फोनवर "केस चालू आहे, नंतर बोलू". बस.

चहा_दोनदा
भिया खोटं बोलण्यात हाइबाराचा हात नाही का? शाळेच्या नाटकाची केस काढ. त्याच्या आधी कॉननला गोळी लागते, दवाखान्यात रान म्हणते माझं रक्त घ्या, आमचा ग्रुप एकच आहे, म्हणजे हाच शिनइची हे मुलीला जवळपास पक्कंच कळलं होतं. मग त्याला तात्पुरता उतारा कोणी दिला? मास्क लावून, आवाज बदलून, स्वतः कॉनन बनून रानसमोर कोण उभं राहिलं? तुझी खरं बोलणारी हाइबारा.

राजवाड्याचा_भिया
ते रानच्याच जिवासाठी होतं ताई. ते औषध देणाऱ्या गुन्हेगारी ऑर्गनायझेशनला कळलं असतं तर तिलाही उडवलं असतं.

चहा_दोनदा
हो ना? मग हाच नियम शिनइचीलाही लाव.

छप्पनचा_जोशी
रान म्हणजे पोहे, हाइबारा म्हणजे वरून भुरभुरायचा मसाला, जिरावन. नुसतं जिरावन फाकून कोणाचं पोट भरलंय भिया 😂

दूर_समुद्रातला_शार्क
नावावरून कळलंच असेल मी कोणाकडून आहे, पण तरी भियाच्या विरुद्ध बोलणार. हाइबारा स्वतःच म्हणते की रान डॉल्फिन, सगळ्यांची लाडकी, आणि मी अंधाऱ्या थंड समुद्राच्या तळातून पळून आलेली दुष्ट शार्क. लोक म्हणतात ही जेलसी. मला ते जेलसीपेक्षा अपराधीपण जास्त वाटतं, कारण ते औषध ऑर्गनायझेशनमध्ये असताना तिनेच बनवलं होतं, एका परीने रानचा शिनइची तिनेच हिसकावला. आणि नंतर बंदरावर ऑर्गनायझेशनची व्हर्मुथ गोळ्या झाडत असताना हाइबाराच्या अंगावर स्वतःला झोकून झाकून कोण घेतं? रान! त्या मुलीला हे पण माहीत नाही की ही पोरगी आहे कोण. मोठी बहीण आकेमी गेल्यापासून हाइबाराला तेवढ्या मायेने कोणी जवळ घेतलेलं नाही. आता या सगळ्याला "दोघींमध्ये एक मुलगा" एवढंच करून टाकायचं तर मग तिच्या कॅरेक्टरचा कचरा झाला ना यार. आणि फॅन म्हणून ती मरते हिगोवर, बिग ओसाकाच्या फुटबॉलरवर, ते कोणी का नाही मोजत?

रामबागेची_मावशी
मी भाचीमुळे वाचायला लागले, आता ती बंगलोरला आणि मी इथे खंड शोधत बसलेय. मुलांनो एक सांगते, लहानपणची मैत्री म्हणजे गॅरंटी नाही हो, रानच्या आईवडिलांकडेच बघा ना. कोगोरो आणि एरी पण लहानपणापासूनचेच, आणि दहा वर्षं झाली वेगळे राहताहेत. आणि रानला १९९४ पासून वाट बघायला लावलीय, आमच्या घरातल्या मुलीला कोणी एवढं ताटकळत ठेवलं असतं तर मी त्याला दारात उभा केला नसता.

चहा_दोनदा
मावशी वाट आपण बघतोय हो, रान नाही. गोष्टीत अजून वर्षसुद्धा पूर्ण झालेलं नाही, दोघं अजून त्याच वर्गात. फक्त पेजर गेले आणि स्मार्टफोन आले 😄 आणि एरी अजून नवऱ्यावर जळते, ते पण बघा.

राजवाड्याचा_भिया
बरं मग २०२३ चा पाणबुडीवाला सिनेमा? समुद्रात कॉननला तोंडाने श्वास कोणी दिला?

छप्पनचा_जोशी
आणि शेवटी हाइबारानेच जाऊन रानचा किस घेतला, हे घे तुझं तुला परत म्हणून. आता मांगाकार आओयामाने स्टँप पेपरवर लिहून द्यायचं का? तो माणूस स्वतः आपल्या मांगाला खुनाची लव्ह-कॉमेडी म्हणतो, त्या कॉमेडीत हिरोईन कोण आहे ते पहिल्याच चॅप्टरपासून दिसतंय.

राजवाड्याचा_भिया
परत करायला आधी घ्यावं लागतं ना, तेच तर म्हणून राहिलोय मी! 😎

रामबागेची_मावशी
मला वेगळीच काळजी आहे. पक्का उतारा मिळाला तर हाइबारा परत मोठी होईल का? मला तर वाटतं लहानच राहील. वर्गातल्या आयुमीबरोबर दप्तर घेऊन शाळेत जाणं वगैरे तिला आधी मिळालंच कुठे?

दूर_समुद्रातला_शार्क
मावशी नका हो. आता हाइबारा आवडणाऱ्या त्याच वर्गातल्या मित्सुहिकोचे फॅन, मित्सुहिकोवाले, जागे होतील.

मागच्या_बाकावरचा
आलो.